दुपट्यावरचे काळे ठिपके

मी मुळातली भित्री. झुरळाला भिते, ओल्या हाताने विजेच्या बटणाला भिते, दारावरची बेल वाजली तर साखळी न काढता आधी दोनदा ‘कोण?’ विचारते. नवरा म्हणायचा, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. म्हणू दे. पण लेक झाली त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी जी भ्याले ती या सगळ्यांहून निराळी भीती होती, आणि त्या वेळी घरातलं कुणीच मला हसलं नाही, कारण प्रत्येक जण आपापल्या परीने भ्यालेला होता.

गोष्ट दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. आम्ही भाईंदर पश्चिमेला राहायचो, मोरव्याच्या अलीकडे, जिथून मिठागरं दिसायची अशा एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. हॉल, एक बेडरूम, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गॅलरी. घरात सासू, सासरे, नवरा, मी आणि नुकतीच माहेराहून आणलेली माझी लेक. माहेर काही लांब नव्हतं, काशीगावात, हायवेच्या बाजूला. बाळंतपण तिथेच झालं, पत्र्याच्या खोलीत, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. पोरीच्या अंगावर घामोळं उठलं होतं. सासऱ्यांनी ते बघितलं आणि सासूबाईंना म्हणाले, ‘पोर घरी येऊ दे, तिला एसी लावतो.’

हे ते उगीच बोलले नव्हते. सासरे मूळचे रत्नागिरीकडचे. तरुणपणी मुंबईला गिरणीत लागले, गिरणी बंद पडल्यावर अंधेरीला एका खासगी ऑफिसात शिपाई झाले आणि तिथूनच रिटायर झाले. ते निघाले त्याच सुमाराला ऑफिसने जागा बदलली. साहेबांनी खिडकीतला एक जुना एसी त्यांना देऊन टाकला. लोकांना निरोपसमारंभात शाल-श्रीफळ मिळतं, आमच्या सासऱ्यांना एसी मिळाला. टेम्पोत ते ड्रायव्हरशेजारी बसले नाहीत. मागे एसीला मिठी मारून उभे राहिले आणि अंधेरीहून भाईंदरपर्यंत तसेच आले. आमच्या इमारतीतला तो पहिला एसी. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, पुढ्यात नारळ फोडला. शेजारपाजारचे चपला काढून बेडरूममध्ये यायचे, हात पुढे करून वारा बघायचे, आणि सासरे बाजूला उभे राहून, ‘अजून बारीक करता येतो, लय गार होतंय,’ असं सांगायचे. ते बघून मला मजा वाटायची. माझ्यासाठी आणि लेकीसाठी बेडरूम रिकामी करून दिली. दुपारी जेवणं झाली की सासरे उशी घेऊन तिथेच खाली फरशीवर आडवे व्हायचे. ‘नातीच्या पुण्याईने गारवा मिळतोय,’ म्हणायचे.

पाऊस जवळ आला तशी सासऱ्यांनी आगोट काढली. कोकणातला माणूस पावसाआधी घर शाकारतो, लाकूडफाटा आत घेतो, पावळीला माडाच्या झावळ्यांची झापं बांधतो. तो माणूस तिसऱ्या मजल्यावर राहायला आला म्हणून काही सवय सुटत नाही. त्यांनी एसीच्या बाहेरच्या अंगाला निळी ताडपत्री घातली, सुतळीने आवळली, खिडकीच्या फटींत कागदाचे बोळे कोंबले, वरून चिकटपट्टी मारली. सासूबाई स्टूल धरून उभ्या होत्या आणि सूचना देत होत्या. दोघांचं कामावरून भांडणही झालं. एकूण एसीला एखाद्या बाळंतिणीसारखं बांधून ठेवलं होतं.

जुलैत कधीतरी खोलीला वास यायला लागला. ओल्या गोणपाटाला येतो तसा कुबट वास. मी म्हटलं, वारा उत्तनकडून येतोय, सुक्या मासळीचा असेल. सासूबाईंना ते भलतंच लागलं.

‘सुक्या म्हावऱ्याचा वास मला शिकवतेस गो? माझा जन्म गेला त्यात. हा कपड्याचा वास हाय. तुझी दुपटी नीट सुकत नाय.’

झालं. वासाचं खापर माझ्या धुण्यावर फुटलं. मग मी एकेक दुपटं, एकेक लंगोट इस्त्री करायला लागले. वास गेला नाही. एसीच्या खालच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटले. त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण पावसात गळत नाही अशी इमारत भाईंदरमध्ये दाखवून बक्षीस मिळवावं. सासऱ्यांनी त्या ओलीवर देवांचं कॅलेंडर लावलं.

आणि त्याच दिवसांत ते ठिपके दिसायला लागले.

सासूबाई काजळ घरी पाडायच्या. तुपाच्या दिव्यावर पितळेची वाटी पालथी धरायची, काजळी खरवडायची, तुपात खलायची. न्हाऊ घातलं की पोरीच्या डोळ्यांत काजळ, कपाळावर रुपयाएवढी तीट, गालावर एक, तळपायावर एक. नात गोरी, तेव्हा दृष्टीचं भय जास्त. तुपातलं काजळ पसरायचंच. दुपट्यावर, उशीवर, झबल्याच्या गळ्यावर बारीक काळे ठिपके असायचे आणि मी ते साबणाने चोळून चोळून काढायचे. काही ठिपके पायाशीही असायचे. मी म्हणायचे, पाय मारते ना, तळपायाची तीट लागली असेल. दररोज धुवायचे आणि मनातल्या मनात सासूबाईंच्या काजळाच्या नावाने बोटं मोडायचे.

लेक खोकायला लागली. आधी दुपारी झोपेतून उठली की थोडंसं, मग अंगावर पिताना, मग दूध ओढता ओढता मध्येच तोंड सोडून धापा टाकायची. नागपंचमीला काशीगावला नेली तर तिथे चार-पाच दिवस चक्क गप्प. पत्र्यावर पाऊस वाजतोय, अंगावर घामोळं, पण खोकला नाही. परत आणली आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा सुरू. सासूबाई म्हणाल्या, ‘माहेरची हवा मानवते, सासरची नाय मानवत. आईसारखीच हाय.’ हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. कारण मलाही तेच दिसत होतं. या घरात काहीतरी आहे आणि ते माझ्या पोरीला लागतंय. काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक गोष्टीला भ्यायला लागले. माझ्या दुधाला भ्याले. नळाच्या पाण्याला भ्याले. खालच्या मजल्यावरची गुजराती भाभी पोरीला बघून ‘कितनी प्यारी’ म्हणाली तर तिलाही भ्याले.

सासूबाईंनी दृष्ट काढली. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या उतरवून तव्यावर टाकल्या. मग वावडिंग आणि ओव्याची धुरी, बेडरूमचं दार लावून, गारवा जाऊ नये म्हणून एसी तसाच चालू ठेवून. पोर त्या धुराने गुदमरली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘कफ सुटतोय.’ मलाही वाटत होतं की सुटत असेल.

गणपतीला सासू-सासरे आणि नवरा गावी गेले. पोर लहान, एवढा प्रवास नको, म्हणून मी तिला घेऊन काशीगावात राहिले. घर बंद, एसी बंद, ताडपत्री तशीच. सगळे परत आल्यावर मीही आले. घर उघडलं तर असा कोंदट दर्प, की सासूबाईंनी नाकाला पदर लावला. सासरे म्हणाले, ‘एसी लाव, हवा खेळेल.’ लावला. दुपारची जेवणं झाली, नवरा कामावर, बाकी आम्ही लवंडलो. लेक माझ्या शेजारी, एसीच्या बरोबर खाली, कारण गारवा तिच्यासाठीच होता.

एका आवाजाने मला जाग आली. रडणं नव्हतं ते. प्रत्येक श्वासाला एक बारीक कण्हणं, जणू कुणी तिच्याकडून जड काही उचलवून घेत होतं. मी झबलं वर केलं. पोरीचं पोट उडत होतं. बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या आणि ओठांभोवती निळसर झालं होतं. मी ओरडले की नाही ते आठवत नाही. तिला उचलायला हवं, हे समजत होतं आणि हात उचलत नव्हते. सासऱ्यांनीच तिला झडप घालून उचललं, माझ्या हातात दिलं आणि ते जिन्यावरून पुढे धावत सुटले. पायात चपला नव्हत्या. रस्त्यावर पाणी साचलेलं, रिक्षावाले नको म्हणत होते. त्यांनी एका रिक्षासमोर आडवं उभं राहून ती थांबवली.

नर्सिंग होममध्ये पोरीच्या तोंडावर लहानसा मास्क धरून औषधाची वाफ दिली, ऑक्सिजन लावला. ती धडपडत होती आणि नर्स तिचे हात दाबून धरत होती. मी देवाला काय काय बोलले ते सांगण्यासारखं नाही. नवस नव्हता तो, सरळ धमकी होती. हळूहळू ओठांचा रंग परत आला. डॉक्टर म्हणाले, श्वासाच्या नळ्या आवळल्या गेल्यात, तीन-चार दिवस ठेवावं लागेल. मग त्यांचं लक्ष काजळाकडे गेलं. एक मोठी तीट ऑक्सिजनच्या नळीला फासली होती. त्यांनी सासूबाईंची बिनपाण्याने केली. काजळ बंद, धुरी बंद, पावडर बंद. सासूबाई त्या दिवशी एक शब्द उलट बोलल्या नाहीत, म्हणजे बघा. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात कुणाला दमा? जुना खोकला? टीबी?’

मी म्हटलं, नाही. कुणालाच नाही.

बाहेर आले तर बाकड्यावर सासरे एकटे बसले होते. मला म्हणाले, ‘बाय, इकडे ये जरा.’ मी गेले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

‘तू डॉक्टरला चुकीचं सांगितलंस. मला खोकला हाय. पाऊस लागल्यापासनं हाय. तुमच्या कानावर पडू नये म्हणून मी जिन्यात जाऊन खोकून येतो. गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर होता ना, तो टीबीनं गेला. त्याच्या डब्यातलं मी जेवलोय. दुपारी त्या खोलीत झोपतो, पोरीच्या तोंडाशी तोंड लावून तिला खेळवतो...’ त्यांचा आवाज फुटला. ‘मीच दिलाय तिला.’

समोर म्हातारा माणूस रडतोय आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की हे माझ्या पोरीच्या जवळ येता कामा नयेत. मी बाकड्यावरून उठले. त्यांनी ते बघितलं आणि मान डोलावली, म्हणजे बरोबर आहे तुझं.

त्यांचा एक्स-रे झाला, थुंकी तपासली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, टीबी नाही. सासऱ्यांना पटलं नाही. ‘म्हाताऱ्याला धीर द्यायला सांगतात तसं. माझ्या दोस्तालापण आधी नायच म्हणाले होते.’ लेक घरी आली तेव्हा त्यांनी आपली वळकटी गॅलरीत टाकली होती. ताट वेगळं, पेला वेगळा, तोंडावर रुमाल बांधलेला. घरात एकच माणूस होता ज्याने आयुष्यात स्वतःच्या हाताने कधी पाणी घेतलं नव्हतं, तो आता आपलं ताट आपण राखेने घासत होता. नवऱ्याने समजावलं, रागावून बघितलं. ते म्हणायचे, ‘मला काय होत नाय. पोरीला जपा.’

आणि आम्ही पोरीला जपलं. कसं जपलं? आजोबांची हवा लागू नये म्हणून बेडरूममध्ये ठेवलं, दार लावून घेतलं, फटीला पायपुसणं लावलं. आत कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून एसी चालू ठेवला.

तीन-चार दिवसांत पुन्हा खोकला. पुन्हा दूध पिताना धाप. मी जागची हलेनाशी झाले. पोर झोपली की तिच्या पोटाकडे बघत बसायचं. जेवायला बोलावलं तरी जायचं नाही. बाहेर गॅलरीत सासरे खोकले की मी दाराकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, गावी का जात नाहीत हे. इतका चांगला माणूस आणि मी त्याच्या जाण्याची वाट बघत होते. भीती माणसाला कुठे नेऊन बसवते त्याला ताळतंत्र नाही.

अशीच एका दुपारी बसले होते. सासूबाई बाजारात गेल्या होत्या. पोरीच्या अंगाखाली पांढरं दुपटं होतं, माझ्या आईने तिच्या मऊ साडीचं शिवलेलं, सकाळीच इस्त्री केलेलं. ती झोपली होती, मी पोट बघत होते. आणि माझी नजर तिच्या डोक्याजवळ गेली. दुपट्यावर काळे ठिपके होते. बारीक, मोहरीच्या दाण्याहून लहान. सवयीने माझं तोंड वाकडं झालं, पुन्हा काजळ. आणि मग एकदम लक्षात आलं की काजळ नाहीच. नर्सिंग होममधून आल्यापासून काजळाची डबी घरात नव्हती. सासूबाईंनी स्वतः ती कचऱ्यात टाकली होती. पोरीचं कपाळ कोरं होतं, तळपाय कोरे होते.

मी अजून बघतेच आहे तोवर तिच्या गालावर एक ठिपका पडला. माझ्या डोळ्यांदेखत, वरून.

बोटाने पुसला. ओलसर होता, चिकट. बोट नाकाशी नेलं आणि तोच वास, गोणपाटाचा. मी मान वर केली. एसी घरघरत होता. त्याच्या पांढऱ्या पट्ट्यांच्या कडांना काळी किनार दिसत होती, जी मी इतके दिवस धूळ समजत होते. त्या पट्ट्यांतून हवा सरळ माझ्या पोरीच्या तोंडावर येत होती.

मी तिला उचललं आणि दार उघडून बाहेर पळाले. हॉलमध्ये कुणी नव्हतं. गॅलरीत सासरे रुमाल बांधून बसले होते. मी पोर त्यांच्यापुढे धरली.

ते मागे सरकले, पाठ कठड्याला लागली. ‘मला नको देऊ! येडी झालीस काय? लांब ने तिला!’

‘बाबा, घ्या तिला! घ्या म्हणते ना!’ मी सासऱ्यांवर आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडले. त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलं आणि हात लांब करून पोर घेतली.

मी आत गेले, एसीचं बटण बंद केलं, प्लग काढला, तोंडावर ओढणी गुंडाळली आणि स्टुलावर चढले. पुढचं झाकण कसं निघतं ते मला माहीत नव्हतं. ओढलं तर एका बाजूने सुटलं. आतली जाळी बाहेर काढली. ती पुढच्या बाजूने राखाडी होती, आणि उलटी केली तर काळी, मऊ, लव आलेली. पावसाळ्यात विसरलेल्या भाकरीवर येते तशी बुरशी. जाळीच्या मागे पत्र्याच्या बारीक पट्ट्या होत्या, त्यांच्यात काळं बुळबुळीत काहीतरी भरलं होतं आणि खाली पाणी साचलेलं दिसत होतं. मी स्टुलावरून उतरले आणि न्हाणीघरात जाऊन उलटी केली. वासाने नव्हे. माझ्या पोरीने दोन-अडीच महिने काय ओढून घेतलं होतं आत, ते कळलं म्हणून.

परत आले तर सासरे बेडरूमच्या दारात उभे होते. पोर त्यांच्या हातावर तशीच लांब धरलेली. ते त्या जाळीकडे बघत होते.

‘हे काय गो?’

‘बुरशी आहे बाबा. हे तिच्या छातीत जात होतं. तुमच्याही. तुम्ही दुपारी इथेच झोपत होता.’

त्यांना ते समजायला वेळ लागला. एसीकडे बघितलं, नातीकडे बघितलं. मग खालीच बसले, पोरीला घेऊन. रुमालाच्या आतून म्हणाले, ‘म्हंजे टीबी नाय?’

‘नाही. डॉक्टर खरं बोलत होते.’

त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांचे खांदे हलायला लागले.

मी नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी त्याने येताना स्टेशनजवळच्या दुकानातून मेकॅनिकला बरोबर आणलं. सासूबाई तोवर बाजारातून आल्या होत्या आणि जाळी बघून त्यांनी देवापुढे दिवा लावला होता. सासऱ्यांना आणि लेकीला खोलीच्या बाहेर ठेवून मी आणि सासूबाई तेवढ्या आत थांबलो. मेकॅनिकने आणि नवऱ्याने मिळून ताडपत्री सोडली, एसी खिडकीतून ओढून फरशीवर जुन्या चादरीवर ठेवला. मागच्या ट्रेमध्ये काळं पाणी होतं आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. नवरा पाणी टाकायला बादली आणायला गेला. मेकॅनिकने ट्रेच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि काहीतरी ओढायला लागला. निघता निघेना. शेवटी पक्कडीने ओढलं. कापडाचा बोळा होता, घट्ट पिळून कोंबलेला, काळा पडलेला. पण एका टोकाला अजून हिरव्या चौकड्या दिसत होत्या.

‘ये किसने ठूँसा?’ तो म्हणाला. ‘पानी निकलने का रास्ता ही बंद कर दिया. इसी से तो सब सड़ गया.’

हिरव्या चौकड्यांची लुंगी आमच्या घरात एकच माणूस नेसत होता.

आगोट काढली त्या दिवशी काय झालं असणार ते मला तिथल्या तिथे दिसलं. खालच्या भाभीची तक्रार होती, एसीचं पाणी तिच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकतं. सासऱ्यांना भांडणाचा तिटकारा. गावी गळणाऱ्या भोकाला बोळा मारतात, तसा इथेही मारला. शेजारणीचे कपडे कोरडे राहिले. स्टूल धरून सासूबाई उभ्या होत्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता, पोर निळी पडली तेव्हाही नाही.

‘सेकंडहँड माल है ना,’ त्या मेकॅनिकला म्हणाल्या. ‘पहले से होएगा. ऑफिसवालों ने डाला होएगा.’

मेकॅनिकने माझ्याकडे पाहिलं. ‘हां,’ मी म्हटलं. ‘पहले से ही होगा.’

त्याला काय पडलं होतं! तो म्हणाला, पूरा धो के देता हूँ, नये जैसा चलेगा. आवाज ऐकून सासरे दारात आले. लेक त्यांच्या खांद्यावर होती, रुमाल अजून तोंडावर होता. ‘घेऊन जा,’ ते म्हणाले. ‘धुवू नको, काय नको. तुझ्या दुकानात ने, भंगारात घाल.’ ज्या एसीला मिठी मारून ते टेम्पोत उभे राहिले होते, त्याच्याकडे त्यांनी आता वळूनही बघितलं नाही. ते माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

‘काय म्हणाला तो? कशानं झालं हे?’

‘जुना होता बाबा. आतून खराबच होता.’

‘माझ्यामुळं नाय ना गो?’

मेकॅनिक स्क्रू गोळा करत होता. सासूबाईंनी चादरीवरचा तो बोळा कधी उचलला ते मला कळलंही नव्हतं. त्यांची मूठ पदराखाली होती आणि पदरातून काळं पाणी त्यांच्या पायावर ठिबकत होतं.

‘नाही बाबा,’ मी म्हटलं.

‘तुमच्यामुळं कशाला?’ सासूबाई खेकसल्या. ‘काय पण बोलायचं आपलं. तो रुमाल काढा आधी तोंडावरचा, आणि पोरीचा मुका घ्या.’